मार नव्हता, म्हणजे काहीच झालं नव्हतं?

आमच्या सल्ला केंद्राच्या नोंदवहीत एक रकाना आहे, 'अत्याचाराचा प्रकार'. शारीरिक, लैंगिक, मानसिक, आर्थिक. लागू असेल तिथे खूण करायची. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा होण्यासाठी आपल्या आधीच्या मैत्रिणींनी किती वर्षं खस्ता खाल्ल्या, हे मला माहीत आहे. या रकान्यातला एकेक शब्द त्यांनी मिळवून दिलेला आहे. तरीही एका बाईची नोंद करताना मला त्यात कुठेच खूण करता येईना. त्या कोऱ्या रकान्याविषयी मला भांडायचं आहे. आणि ते सरकारशी भांडायच्या आधी आपल्या आपल्यात भांडायचं आहे.

ही बाई बीड जिल्ह्यातली, ऊसतोड करणाऱ्या कुटुंबातली, वय २३. तिची परवानगी घेऊन लिहिते आहे. तिचं नाव देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गणपती उठल्यावर नवरा आणि सासू तिला केंद्रात घेऊन आले. तक्रार तिची नव्हतीच, तक्रार त्यांची होती: "हिच्या अंगात येतं. मुकादम म्हणतो, असली बाई फडावर नको." आमच्याकडे नवराबायको मिळून एक 'कोयता' धरतात. उचल कोयत्यावर मिळते आणि ती नवऱ्याच्या हातात पडते. बाई गेली की राहिला अर्धा कोयता. घर तिच्या काळजीने आलं होतं की उचलीच्या काळजीने, हे विचारण्यात अर्थ नव्हता. त्या घरात दोन्ही काळज्या एकच होत्या.

सासूने सांगितलं ते असं. कधी ही एकदम लहान पोरीसारखी बोलते, कोपऱ्यात बसून भाकरी मागते. वाकळांच्या थप्पीत भाकरीचे तुकडे दडवून ठेवते. कधी म्हातारीच्या आवाजात सगळ्यांना दरडावते, कामं वाटून देते, कुणाला भीत नाही. नंतर हिला यातलं काही आठवत नाही. भाकरी कुणी दडवली म्हणून उलट हीच विचारते. गावाने आपल्या परीने निदान केलेलं होतं. म्हातारी म्हणजे देवी आणि लहान पोर म्हणजे भूत. त्यामुळे म्हातारी आली की हळदीकुंकू आणि पोर आली की मिरच्यांची धुरी. भूक लागली म्हणणाऱ्याला चटका आणि दरडावणाऱ्याला नमस्कार, ही आपल्या समाजाची रीत भगतानेही मोडली नाही.

दवाखानाही झाला होता. तिथल्या कागदावर 'हिस्टेरिया' लिहून गोळ्या दिल्या होत्या. लहानपण कसं गेलं, हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

आमच्या आढावा बैठकीत यावरून वाद झाला. एक ज्येष्ठ ताई म्हणाल्या, "हे आपलं काम नाही. इथे ना मारहाण, ना हुंडा. डॉक्टरकडे पाठवा." अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारा एक मित्र म्हणाला, "कामातून सुटायची ही वाट आहे. ढोंग उघडं पाडलं की थांबेल." नुकतीच कामाला लागलेली एक मुलगी म्हणाली, "लहानपणी लैंगिक अत्याचार झालेला असणार. तो शोधून काढला पाहिजे." तिघंही कळकळीने बोलत होती, आणि खरं सांगायचं तर मला तिघांचंही थोडं थोडं पटलं होतं. त्यातल्या त्यात तिसरं जास्त.

म्हणून मी तेच केलं. पुढच्या दोन भेटींत खोदून खोदून विचारलं. कुणी मारायचं का? कुणी हात लावायचं का? काका? मामा? शेजारी? नीट आठव. ती गप्प होत गेली. तिसऱ्या वेळी आलीच नाही. ही माझी चूक होती. पुस्तकात वाचलेलं उत्तर मी तिच्या तोंडून वदवून घेऊ पाहत होते. ती परत आली, तीसुद्धा सासूबरोबर बाजाराला आली म्हणून. त्या दिवशी मी चहा मागवला आणि काहीच विचारलं नाही. बऱ्याच वेळाने तीच म्हणाली, "ताई, तुमी सारखं इचारता कोण मारायचं. मला कुणी मारलं न्हाई. माज्याकडं कुणी बगितलंच न्हाई."

मग तुकड्यातुकड्यांनी समजलं. सहा-सात वर्षांची असताना आईबाप दसऱ्यानंतर कारखान्याला जायचे, ते उन्हाळ्यात परतायचे. ही आणि दोन वर्षांचा भाऊ आजीजवळ. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. पाणी, भाकरी, भावाचं हगणंमुतणं सगळं हिच्याकडे. शाळेत नाव होतं, पाय नव्हता. आजीने कधी हात उगारला नाही. पण आजी हिला हाक मारायची ती 'नकुशी' म्हणून, कारण ही तिसरी मुलगी. भाकरी आधी भावाला आणि उरली तर हिला, हेही रागाने नव्हे, रीत म्हणून. "अंधार पडला की भाऊ आईसाठी रडायचा. मलाबी रडू यायचं. पण दोगांनी रडल्यावर कसं जमायचं? मग ती म्हातारी यायची. तिला भ्या वाटायचं न्हाई. ती त्याला थोपटायची." आणि रडणारी पोर कुठे जायची? "ती वाकळंत."

मैत्रिणींनो, या बाईच्या बालपणात गुन्हेगार शोधून सापडत नाही. एफआयआर होईल असं काहीही झालेलं नाही. जे झालं ते 'न होणं' होतं. न विचारणं, न जवळ घेणं, न भरवणं, न शिकवणं. आपली सगळी भाषा केलेल्या अत्याचाराची आहे. न केलेल्या गोष्टींसाठी आपल्याकडे रकाना नाही. म्हणून अशी बाई आपल्या दारात आली की आपण एक तर तिला डॉक्टरकडे ढकलतो, किंवा तिला खोटी ठरवतो, किंवा तिच्या गोष्टीत एखादा अत्याचारी बळेच आणून बसवतो. कारण तो असल्याशिवाय तिचं दुःख आपल्याला खरं वाटत नाही.

आता थोडं शास्त्राविषयी. जाणीव, आठवण, शरीर आणि 'मी'पण यांची एकमेकांपासून फारकत होते, त्याला मानसशास्त्रात डिसोसिएशन म्हणतात. थोड्या प्रमाणात ते प्रत्येकीला होतं. पोळ्या लाटता लाटता मन भलतीकडे असतं आणि पोळ्या झालेल्या असतात. ही फारकत खोल असते तेव्हा एकाच बाईत वेगळ्या आवाजाच्या, वेगळ्या वयाच्या, वेगळ्या आठवणींच्या जणी वावरतात. पूर्वी याला 'मल्टिपल पर्सनॅलिटी' म्हणत, १९९४ पासून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ 'डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर' म्हणतात. सिनेमावाले याची स्किझोफ्रेनियाशी गल्लत करतात. दोन्ही अगदी वेगळे आहेत.

या विषयाचा इतिहास स्त्रियांच्या चळवळीशी जोडलेला आहे. फ्रॉइडने १८९६ मध्ये मांडलं होतं की हिस्टेरियाच्या मुळाशी बालपणीचा लैंगिक अत्याचार असतो. पुढच्याच वर्षी त्याने ते म्हणणं मनोमन सोडून दिलं. बायकांचं खरं मानायला पुढे पाऊणशे वर्षांहून जास्त काळ लागला, आणि ते घडलं स्त्रीचळवळीच्या रेट्यामुळे. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात हे सविस्तर लिहिलं आहे. त्या लढाईबद्दल मला आदरच आहे. पण तिची एक सावली मागे राहिली. मन फुटलं म्हणजे भयंकर अत्याचार झालेलाच असणार, असं समीकरण होऊन बसलं. अमेरिकेत १९८० आणि ९० च्या दशकांत काही उपचारकांनी आठवणी अक्षरशः खणून काढल्या. काही जणींच्या बाबतीत न घडलेलंही 'आठवलं'. त्याचा फायदा उठवून, सगळ्याच बायका खोटं बोलतात म्हणणाऱ्यांचं फावलं. माझ्या खोदून विचारण्यात तोच धोका होता.

त्याच काळात दुसऱ्या बाजूने शांतपणे काम चाललं होतं. मिनेसोटात गरीब घरांतल्या मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केला गेला. मुलं १९ वर्षांची होईपर्यंतचे निष्कर्ष १९९७ मध्ये आले. तान्ह्या वयात सांभाळणारं माणूस मनाने हजर नसणं आणि पुढची डिसोसिएशनची लक्षणं यांचा संबंध त्यात स्पष्ट दिसला. कार्लेन लायन्स-रूथ यांच्या गटाने गरीब कुटुंबांतल्या मुलांवर असाच दीर्घ अभ्यास केला. नमुना छोटा होता, पण २००९ मध्ये निघालेलं उत्तर विचार करायला लावणारं होतं. तरुण वयातल्या या फारकतीचा अंदाज मारहाणीपेक्षा सुरुवातीच्या काळातल्या 'न मिळालेल्या' प्रतिसादावरून जास्त येत होता.

हे कसं घडत असेल? 'मी एक आहे' ही जाणीव घेऊन कुणी जन्माला येत नाही. भूक, भीती, राग, झोप असे सगळे सुटे तुकडे असतात. "पडलीस का गं? कुठे लागलं? भूक लागली ना? रात्री घाबरलीस का?" असं कुणी विचारतं, तेव्हा दुखणारा गुडघा, रिकामं पोट आणि रात्रीची भीती हे सगळं एकाच नावाच्या मुलीचं आहे, असं त्या मुलीला कळत जातं. गोधडी शिवावी तसे कुणाच्या तरी लक्षाने हे तुकडे जोडले जातात. विचारणारं कुणी नसेल तर भिणारी वेगळी राहते, राबणारी वेगळी राहते. यात बिघाड कमी आणि अक्कल जास्त आहे. सात वर्षांच्या मुलीला आई होणं भाग पडलं तर तिला दोघी व्हावंच लागतं. पुढे संकट सरतं, पण त्या दोघी एकमेकींना ओळखत नाहीत, हे दुखणं.

दुर्लक्ष झालेली प्रत्येक मुलगी अशी होते, असं मी म्हणत नाही. बहुतेकींचं तसं होत नाही. एखादी मावशी, एखादी शिक्षिका, शेजारची म्हातारी पुरेशी ठरते. अंगात येणारी प्रत्येक बाई आजारी असते, असंही नाही. नवरात्रात घटका-दोन घटका घुमून घरी जाऊन स्वैपाकाला लागणाऱ्या कितीतरी जणी आपण पाहतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या रोगांच्या यादीची नवी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीही सांगते की समाजमान्य धार्मिक आचाराचा भाग असलेलं अंगात येणं हा आजार नव्हे. नकळत येत असेल, त्रास होत असेल, जगणं अडत असेल, तरच तो आजार. झटके येत असतील तर फेफरं तर नाही ना, हे आधी डॉक्टरने पाहायला हवं. भगताच्या हिंसेविरुद्धचा आपला लढाही तसाच चालू राहिला पाहिजे. भूत काढण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचलं आणि त्याच वर्षी त्यांचा खून झाला. माझं त्या मित्राशी भांडण इतकंच आहे: भूत नाही हे सिद्ध केल्यावर जी उरते, तिचं काय? भूत खोटं आहे. भूक खरी होती.

आणि ही भूक एकट्या तिची नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतला बाल-अत्याचारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्यात होते. कुटुंबात आपल्याकडे कोणत्या ना कोणत्या प्रकारे दुर्लक्ष होतं, असं ७०.५७ टक्के मुलींनी सांगितलं. ४८.४ टक्के मुलींना वाटत होतं की आपण मुलगा असतो तर बरं झालं असतं. जवळजवळ निम्म्या मुलींना आपण जी आहोत ती नको आहे! मनातल्या मनात दुसरं कुणी तरी होण्याची ही केवढी मोठी शाळा!

आपल्या महाराष्ट्रात तर हे नावातच लिहून ठेवतात. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात २८५ मुलींची 'नकुशी', 'नकुसा' ही नावं समारंभ करून बदलण्यात आली. वर्तमानपत्रांत फोटो आले. चांगलं झालं. पण जिला रोज दहा वेळा 'नको असलेली' म्हणून हाक मारली, तिला नवं नाव दिल्याने जुनी हाक पुसली जाते का? शाळेतली बाई पटावर वेगळं नाव घालते. मग लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने तिसरं नाव लिहितात आणि त्या दिवसापासून आधीची मुलगी संपली असं धरून चालतात. पुरुषाचं नाव पाळण्यापासून सरणापर्यंत एक. बाईने मात्र दर मुक्कामाला नवीन व्हायचं आणि जुनी विसरायची. नावं बदलल्याने कुणाचं मन फुटतं, असा दावा मी करत नाही. पण बाईने एकसंध राहावं अशी या समाजाची कधी अपेक्षाच नव्हती, हे त्यातून नीट दिसतं. एकीने दुसरीला आठवायला लागलं की मात्र तिला वेडी म्हणतात.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात पडायचं नाही. 'लक्ष मिळालं नाही' म्हटलं की बोट लगेच आईकडे जातं. हा इतिहास जुना आहे. जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लहान मुलांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल लिहिला. महायुद्धात घरदार गमावलेल्या मुलांची कळकळ त्यात होती. पण पुढे त्याचाच आधार घेऊन सांगण्यात आलं की आईने घरी बसावं, पाळणाघरं वाईट. मला हे मान्य नाही. या बाईच्या आईला मी भेटले आहे. पहाटे तीनला उठून फडावर जाणारी, डोक्यावर मोळ्या वाहून गाडी भरणारी, रात्री कोपीत चूल पेटवणारी बाई ती. सहा महिन्यांनी घरी आल्यावर तिच्या अंगात लेकीला जवळ घ्यायचं त्राण राहिलेलं नसायचं. ती म्हणाली, "पोरीचं तोंड बगायला मला डोळं व्हते, येळ नव्हता." मुलीच्या वाट्याचं लक्ष आईने चोरलेलं नाही. ते ऊसाबरोबर गाळून निघालं. ती साखर आपण सगळ्यांनी खाल्ली आहे. आणि बाप? दुर्लक्षाच्या एकाही चर्चेत बापाचं नाव का येत नाही, हेही कधीतरी विचारलं पाहिजे.

म्हणून हा प्रश्न फक्त मनोविकारतज्ज्ञाचा नाही. पाळणाघर ही आपली फार जुनी मागणी. 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था १९६९ पासून बांधकामावरच्या मजूर बायकांच्या मुलांसाठी ते काम करते आहे, म्हणजे जमत नाही असं कुणी म्हणू नये. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती लाभ कायद्यात ५० किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघराची तरतूद आली. पण जिचं स्वतःचं नावही हजेरीत नाही, जी नुसता अर्धा कोयता आहे, तिच्या मुलांसाठी ती तरतूद कागदावरच. पाळणाघराची मागणी आपण आजवर आईच्या रोजगारासाठी आणि मुलांच्या पोषणासाठी केली. ती मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, मानसिक आरोग्यासाठीही आहे, हे आता स्पष्ट म्हणायला हवं. आपल्या जिल्ह्यातली हंगामी वसतिगृहं केवळ दोन वेळच्या जेवणाची सोय म्हणून न पाहता, तिथे मुलीला नावाने हाक मारून विचारणारं एक कायमचं माणूस असलं पाहिजे, असा आग्रह धरायला हवा.

आणि केंद्रांत काय करायचं? मला समजलं तेवढं सांगते. नोंदवहीत एक रकाना वाढवा, 'काय मिळालं नाही'. लहानपणी कोण सांभाळायचं, रात्री जवळ कोण असायचं, आजारी पडल्यावर कुणी पाहिलं, जेवायला कितवी बसायचीस, एवढे चार प्रश्न विचारा आणि उत्तराची घाई करू नका. अत्याचाराची शंका आली तर दार उघडं ठेवा, पण तिच्या तोंडात शब्द घालू नका. जी कुणी बोलत असेल, लहान असो की म्हातारी, तिच्याशी माणसाशी बोलावं तसं बोला. कौतुकही नको, पूजाही नको, परीक्षाही नको. मनोविकारतज्ज्ञाची मदत घ्याच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी उपचार मिळणं हा हक्क आहे आणि साखळीने बांधणं बेकायदा आहे. पण तिथे पाठवलं म्हणजे आपलं काम संपलं, असं समजू नका. दवाखान्यात तिच्या बाजूला बसा.

ही बाई बरी झाली का, असं मला विचारतात. नाही. गेला हंगाम ती फडावर गेली नाही. त्यापायी घरावर कर्ज वाढलं आणि त्यावरून बोलणीही तिलाच खावी लागली. मंगळवारी येते. गोळ्या आता कमी आहेत. धुरी बंद झाली, कारण सासूच आता आडवी येते. मध्यंतरी मी विचारलं, ती पोर अजून येते का? म्हणाली, "येती. पर आता म्हातारी तिला भाकरी देती. वाकळंत दडवावी लागत न्हाई." दोघींची ओळख झाली आहे, एवढंच मी सांगू शकते. त्यांना घासूनपुसून एक करणं हे माझं काम आहे, असं मला वाटत नाही.

पण तिची पोर आता तीन वर्षांची आहे. पुढच्या दसऱ्याला घर फडावर निघेल तेव्हा त्या पोरीजवळ कोण थांबणार, याचं उत्तर ना मुकादमाकडे आहे, ना कारखान्याकडे, ना आमच्या नोंदवहीत. ऊस तोडणाऱ्या, वीटभट्टीवर जाणाऱ्या, बांधकामावर राहणाऱ्या बायकांमध्ये काम करणाऱ्या गटांनी आपापल्या नोंदी याच नजरेने पुन्हा चाळून पाहाव्यात आणि काय आढळतं ते या अंकातून लिहावं. माझं चुकत असेल तर तेही लिहावं. हंगाम सुरू व्हायच्या आत कारखान्यांच्या दारात पाळणाघराची मागणी घेऊन जायचं असेल, तर वेळ फार नाही.